नाव बदललं म्हणून पीडीएफ-ए होत नाही हो!

"पीडीएफ करून ठेवलंय, आता शंभर वर्षं बघायला नको." हे वाक्य ऐकलं की डोकंच उठतं. कुठली पीडीएफ? फाँट आत बसवलेत का? पासवर्ड टाकलाय का? दीर्घकाळ जपायच्या फाइलींसाठी पीडीएफ-ए हे आयएसओ मानक २००५ पासून आहे. त्यात फाँट फाइलमध्येच असावे लागतात, आणि पासवर्डचं कुलूप चालत नाही. एवढं समजावून सांगावं, तर समोरचा फाइलच्या नावापुढे नुसता 'ए' चिकटवून परत पाठवतो! व्हेरापीडीएफ हे तपासणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात घालून तपासा तरी. पण नाही.

आणि ते जेपीईजी चित्राचं टिफ (सहसा तपशील न गमावता चित्र साठवणारा प्रकार) करणारे महाभाग! अहो, जेपीईजी करतानाच जो तपशील गेला, तो गेला. आता टिफ केल्याने फाइल नुसती फुगते. स्कॅन करतानाच टिफ का नाही घेतलं? "जागा फार खातं." मग आता काय उपास करतंय?

पण खरा कहर म्हणजे रूपांतर झाल्या झाल्या मूळ फाइल उडवणं. एक्सेलचं सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला नुसता मजकूर, केलं. सूत्रं गेली, रंग गेले, शेरे गेले, उघडी होती ती शीट सोडून बाकीच्या सगळ्या शीट गेल्या. यूटीएफ-८ ही मराठी अक्षरं जपणारी संकेतपद्धत निवडायची राहिली, म्हणून मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. मूळ फाइल मागितली तर थंडपणे उत्तर येतं, "ती डुप्लिकेट होती ना, काढून टाकली."

डुप्लिकेट म्हणे!