तोलामोलाची नायिका कशी लिहावी

ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहायला घेतलीत? छान. विषयही आजकाल चालणाराच घ्या: राजकारण जाणणारी दोन माणसं, एकमेकांच्या तोलाची. असली एक कादंबरी मी गेल्या आठवड्यात विकत आणून वाचली, त्यामुळे सल्ला देण्याचा हक्क मी रोख पैसे मोजून मिळवला आहे.

सुरुवात मलपृष्ठापासून करा. 'त्याच्या तलवारीला तिच्या बुद्धीची धार' असं काहीतरी छापून टाका. आत त्या बुद्धीचा पत्ता लागला नाही तरी बिघडत नाही. पुस्तक कोण परत घेतंय?

नायिका स्वतंत्र विचारांची आहे हे दाखवायला तिला पहिल्याच प्रकरणात घोड्यावर बसवा.

'आम्ही' आणि 'आपण' सढळ हाताने पेरा, म्हणजे काळ उभा राहतो.

आता खलबताचा प्रसंग. इथे चुकू नका. पुरुषमंडळी नकाशा पसरून बसली आहेत, निजामाच्या हालचालींवर चर्चा चालू आहे. नायिकेने आत यायचं ते केशरी दूध घेऊन. पेले ठेवता ठेवता नकाशाकडे ओझरतं बघायचं आणि म्हणायचं, "या खिंडीत दगा होईल." मंडळी थक्क! नायक बघतच राहतो. खिंडीकडे नव्हे, तिच्या डोळ्यांकडे. पुढची अडीच पानं डोळे. खिंड गेली ती गेलीच. मी शेवटच्या पानापर्यंत शोधली. दगा झाला की नाही, फौज कुठून गेली, तिचा अंदाज खरा ठरला का, काही नाही. बाईने आयुष्यात एकदा लष्करी सल्ला दिला आणि लेखकाला त्याचं पुढे काय झालं हे विचारावंसंही वाटलं नाही! आणि राजकारण म्हणजे फक्त खिंडी का हो? फौजेचा पगार कोण देणार? चौथाई वसूल किती, थकली किती? थोरल्या बाजीरावासारखा बाजीराव धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रं लिहून कर्जाचं रडगाणं गातो, आणि तुमच्या नायकाच्या दारात चारशे पानांत एक सावकार येत नाही. निदान हिशेबाची वही तरी त्या बाईच्या हातात द्यायची. दूध कसलं देता!

असो. सल्ला.

नायिकेला खराखुरा कारभार करू द्यायचाच असेल, तर आधी तिचा नवरा मारा. ही आपल्याकडची चांगली रुळलेली वाट आहे. ताराबाई औरंगजेबाशी झुंजल्या त्या 1700 मध्ये राजाराम महाराज गेल्यावर. अहिल्याबाईंचा कारभार आपण गातो तो 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडल्यानंतरचा. बाई विधवा झाली की तिची बुद्धी आपल्याला पवित्र वाटते. नवरा जिवंत असताना डोकं चालवलं तर काय होतं ते आनंदीबाईला विचारा. राघोबादादा आणि त्या म्हणजे एकाच महत्त्वाकांक्षेने पेटलेलं जोडपं. गारद्यांनी 1773 मध्ये नारायणरावाचा खून केला, आणि आपण अजून त्या बाईला 'ध' चा 'मा' करायला बसवून ठेवलं आहे. दादा मात्र 'बायकोच्या आहारी गेलेले'. म्हणजे तोलामोलाची बायको हे आपल्याकडे प्रेमकथेचं नाही, कारस्थानाचं सामान आहे.

फारच अडलं तर नायिकेला शेवटी आजारी पाडा.

आणि आता पुरे झाला उपरोध. अहो, अशी माणसं खरंच होऊन गेली आहेत! सुचेता आणि आचार्य कृपलानी यांनी 1936 मध्ये लग्न केलं. वयात वीस वर्षांचं अंतर, आणि विरोध खुद्द गांधीजींचा. ऑगस्ट 1963 मध्ये आचार्यांनी नेहरू सरकारवर लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुचेताबाई उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या, त्याच नेहरूंच्या काँग्रेसकडून. त्या घरात जेवणाच्या ताटावर काय बोलणं होत असेल, याची नुसती कल्पना करायला लेखक लागतो. आणीबाणीत मधु दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात होते, प्रमिलाताई येरवड्यात. नवरा-बायकोची पत्रं तुरुंगातून तुरुंगात जात होती. याहून जास्त प्रणय कुठल्या चांदण्यात मिळणार आहे तुम्हाला?

पण तुम्हाला ते नको, कारण त्यासाठी वाचावं लागतं. राजकारण तुम्हालाच कळत नाही, म्हणून नायिकेला गप्प बसवता आणि त्या गप्प बसण्याला 'खानदानी संयम' म्हणता. तोलाची म्हणायची आणि वाद एकाही पानावर घालू द्यायचा नाही! एकच प्रसंग लिहून दाखवा, ज्यात ती त्याच्या विरोधात मत देते, तो चिडतो, दोघांपैकी कुणीही माघार घेत नाही आणि तरी रात्री दोघं एकाच समईच्या उजेडात बसलेली असतात. जमत नसेल तर उतरवा तिला त्या घोड्यावरून, आणि मलपृष्ठावरचं ते धारेचं वाक्यही काढून टाका.