4 लाखात टाकी? आधी नुसत्या भिंतीचा हिशोब लावा

आपल्या यावल-चोपड्याकडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की गावाला पाणी देणाऱ्या, 12 मीटर उंच कॉलमवरच्या लाख लिटरच्या टाकीला 200 पोती सिमेंट नि 10 मजुरांचे 15 दिवस लागतात, म्हणजे 4 लाखात काम, त्याच्या वरचे पैसे सगळे खाल्ले. खाली टीप, नाहीतर 5 हजार लिटरच्या 20 प्लास्टिक टाक्या ठेवा, विषय संपला.

सिमेंट घ्या. आतून साडेसहा मीटर व्यास नि 3 मीटर पाणी धरलं की लाख लिटर होतात. भिंत 20 सेंटीमीटर जाड धरा, झालं 13 घनमीटर काँक्रीट, आणि पाण्याच्या टाकीला एम-30 ग्रेडचं, म्हणजे मजबूत काँक्रीट लागतं, त्यात घनमीटरला 7-8 पोती जातात. म्हणजे शंभरेक पोती भिंतीतच गेली भो, अजून तळ, झाकण, बीम, कॉलम, ब्रेस (कॉलमना एकमेकांशी बांधणारे आडवे बीम) सगळं बाकी, नि पाया तर आपल्या काळ्या मातीत, जी पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून कडक थर लागेपर्यंत खोदा नाहीतर राफ्ट, म्हणजे सगळ्या कॉलमखाली एकच सलग स्लॅब टाका, कारण वर नुसतं पाणीच 100 टन.

15 दिवस? अहो टाकी भरल्यावर 7 दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यायचं नि पुढचे 7 दिवस बाहेरून ओल येते का बघायचं, पाण्याच्या टाक्यांचं सरकारी मानक आयएस 3370, त्यातच लिहिलंय, म्हणजे टेस्टिंगलाच 14 दिवस गेले. कॉलम पण एका दमात उभे राहत नाहीत, एक लिफ्ट, म्हणजे एक टप्पा भरा, ब्रेस टाका, मग पुढची, तळाच्या बीमचे टेकू 14 दिवस तरी हलवायचे नाहीत, नि मे महिन्यात जळगावच्या 45 डिग्रीत गोणपाट ओलं ठेवायला वेगळा माणूस. तोवर सेंट्रिंगच्या मालाचं (टेकू, फळ्या, साचे) भाडं चालूच. आणि 12 मीटरवर गोल शटरिंग बांधणारा घराच्या स्लॅबच्या रेटमध्ये वर चढेल का? मेसेजवाल्यानं स्वतः चढून दाखवावं.

प्लास्टिकचं तर सोडाच. 12 मीटर उंचीवरून 1.2 किलो प्रेशर मिळतं म्हणून टाकी वर बांधतात. त्या 20 टाक्या जमिनीवर ठेवल्या तर पाणी नळाला चढवायला मोटर लागेल, नि वर ठेवल्या तर परत तेच 100 टन, तेच कॉलम.

खाणारे खातात, त्यात काय वाद नाही. पण हा 4 लाखाचा आकडा घेऊन ग्रामसभेत उठलात तर इंजिनिअर दोन मिनिटात खाली बसवेल. त्यापेक्षा अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहितात ती) नि क्यूबचे, म्हणजे त्याच काँक्रीटचे ठोकळे दाबून बघतात त्याचे, 28 दिवसांचे रिपोर्ट मागा, नाही दिले तर माहिती अधिकारात अर्ज टाका, आणि शक्य झालं तर काँक्रीट पडायच्या आधीच सळई मोजून घ्या, नंतर ती कोणाला दिसत नाही.