उतारावर न्यूट्रल, डिझेलमध्ये रॉकेल: जुन्या ट्रॅक्टरच्या 'सात उपायां'चा मेसेज पुढं पाठवू नका

"जुना डिझेल ट्रॅक्टर नव्यासारखा पळवायचे ७ उपाय, शेतकरी बांधवांनो जास्तीत जास्त शेअर करा" असा एक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. मी बघून सोडून देत होतो, पण परवा दाजींनी तोच मला पाठवला आणि खाली लिहिलं, "यातलं उतारावरचं मी चालू केलंय, डिझेल वाचतंय." दाजी सीझनला ऊस वाहतात, मागं दोन ट्रॉल्या, आणि कारखान्याच्या वाटेवर लांबलचक उतार. आता गप्प बसणं जमणार नाही.

मेसेजमध्ये सांगितलंय ते असं: उतारावर गिअर काढून न्यूट्रलमध्ये सोडा, डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळा, इंजिन तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन ऑइल काळं पडलं की लगेच बदला आणि ते काळं ऑइल वाया न घालवता हायड्रोलिकमध्ये ओता, संध्याकाळी टाकी फुल करून ठेवा, थंडीत हवा ओढायच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून स्टार्ट करा आणि एअर क्लिनरमध्ये खुणेच्या वरपर्यंत तेल भरा.

न्यूट्रलचं आधी, कारण बाकीच्यांनी इंजिन जाईल, यानं माणूस जाईल.

पहिली गोष्ट, यात डिझेल वाचतच नाही. डिझेल इंजिनला किती डिझेल द्यायचं हे डिझेल पंपातला गव्हर्नर (फेऱ्यांवर लक्ष ठेवणारा भाग) ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, तुम्ही रेस सोडलीय आणि उतार आहे, तेव्हा चाकंच इंजिनला फिरवत असतात, इंजिनचे फेरे आयडलच्या (रेस न देता नुसतं चालू असतानाच्या) वर असतात, म्हणून गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रल केलं की मात्र इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहायचं असतं, म्हणजे आयडलचं डिझेल जळणारच. पस्तीस-चाळीस एचपीचा जुना ट्रॅक्टर आयडलला तासाला साधारण लिटरभर पितो असं धरा, पाच मिनिटांच्या उताराला ऐंशी-नव्वद मिली झालं, आणि तेसुद्धा न्यूट्रलमध्येच जास्त जातंय, गिअरमध्ये नाही. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घालायचा ती बचतच नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. आपल्या जुन्या गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, पुढं काही नाही, आणि बहुतेक ट्रॉल्यांना तर ब्रेकच नसतो. मागं ऊस भरलेला, टनावारी वजन, ते सगळं ट्रॅक्टरला पुढं ढकलत असतं. गिअरमध्ये असताना हे वजन इंजिन अडवून धरतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर, ब्रेकचं लायनिंग तापतं, तापलं की पकड सुटते, आणि मागच्या एक्सलचं सील गळत असेल (जुन्या गाडीत बऱ्याचदा गळतंच) तर लायनिंग आधीच तेलकट झालेलं असतं. मग माणूस घाबरून गिअर टाकायला जातो. जुन्या गिअरबॉक्सला सिंक्रो (दातांचा वेग जुळवून घेणारी सोय) नाही, दात चालत्या गाडीत एकमेकांत सरकवायचे असतात, स्पीड वाढलेला असताना नुसतं कर्रकर्र वाजतं आणि गिअर पडत नाही. एकदा वेग धरला की परत यायचा रस्ता नाही. त्यात डावा-उजवा ब्रेक एकत्र जोडणारा खटका शेतात वळायला काढलेला असेल आणि रस्त्यावर लावायचा राहिला असेल तर जोरात ब्रेक मारला की एकच चाक धरतं, ट्रॅक्टर आडवा होतो, ट्रॉली वरून येते. क्लच दाबून उतरणं हेही न्यूट्रलच आहे, ते पण नको.

ट्रॅक्टरसोबत आलेलं मॅन्युअल घरात कुठंतरी पडलं असेल, ते काढा. कुठल्याही कंपनीचं असू दे, उतारावर गिअर काढू नका हे त्यात असतंच. चढाला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. दाजींना मी फोनवर एवढंच सांगितलं आणि ते ऐकतील असं वाटतंय, पण त्यांच्यासारखे किती जण आज रात्री उतारावरून सुटलेले असतील याचा विचार करून झोप येत नाही.

आता रॉकेल. "नोझल साफ होतात" म्हणे. डिझेल हे नुसतं इंधन नाही, पंपाचं वंगणही तेच आहे. पंपातला प्लंजर (डिझेल ढकलणारा दांडा) आणि त्याचं बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यात केसापेक्षा कमी फट असते, तिथं डिझेलचाच थर असतो. रोटरी पंप असेल तर आख्खा पंपच डिझेलवर ओला राहतो, वेगळं ऑइल नाही. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) डिझेलचं मानक आहे, आयएस १४६०, त्यात ४० अंशाला डिझेलचा घट्टपणा २ ते ४.५ सेंटीस्टोक हवा असं दिलंय, आणि वंगणाची चाचणी घेतात त्यात घासल्याचा डाग ४६० मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. रॉकेल त्याच तापमानाला साधारण दोनच्या खालीच असतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मानकात मर्यादा घातलीय तीच तुम्ही बादलीनं मोडताय. आज गाडी जरा हलकी चालल्यासारखी वाटेल, पण पंप झिजत जातो, मग गरम गाडी स्टार्ट होत नाही, मग पंपवाल्याकडं कॅलिब्रेशन, प्लंजर, नोझल, सगळं. शिवाय रेशनचं निळं रॉकेल इंजिनात घालणं हा जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली गुन्हा आहे.

म्हातारी माणसं म्हणतात पूर्वी ट्रॅक्टर रॉकेलवर चालायचे. चालायचे, खरं आहे, पण त्यांना स्पार्क प्लग असायचे, पेट्रोलवर स्टार्ट करून गरम झाल्यावर रॉकेलवर घ्यायचे, ती वेगळी इंजिनं. थंड देशांत हिवाळ्यात डिझेल गोठू नये म्हणून थोडं रॉकेल घालायचे हेही मान्य. आपल्याकडं कुठं गोठतंय डिझेल?

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढायचा नाही. तो नसेल तर इंजिन पुरेसं गरमच होत नाही, डिझेल नीट जळत नाही, लायनरवरचं (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीवरचं) ऑइल धुऊन निघतं आणि ऑइलमध्ये डिझेल उतरतं. शंका असेल तर काढून पातेल्यातल्या पाण्यात टाका, पाणी तापवा, त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास उघडायला लागला तर तो चांगला आहे, परत बसवा. गाडी तापते ती बहुतेक वेळा रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि कुसळं बसल्यानं, फॅन बेल्ट ढिला असल्यानं, नाहीतर बोअरचं क्षारयुक्त पाणी घालून आतून खडी धरल्यानं. जाळी धुताना पाणी इंजिनच्या बाजूनं पुढं मारा, पुढून मारलं तर कचरा आणखी आत बसतो.

काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइल टाकून थोडं काम केलं की ते काळं पडतंच, कारण काजळी स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. बदलायचं ते मॅन्युअलमधल्या तासांवर, मीटर बंद असेल तर वहीत तास लिहून. आणि ते हायड्रोलिकमध्ये ओतायचं तर नावच नको. बऱ्याच जुन्या गाड्यांत गिअर आणि हायड्रोलिकचं ऑइल एकच असतं, काजळी आणि लोखंडाची बारीक कीस पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये गेली की लिफ्ट उचललेली राहत नाही, हळूहळू खाली येते.

संध्याकाळी टाकी भरून ठेवायचं मात्र बरोबर आहे. रिकाम्या टाकीत रात्री हवेतली वाफ पाणी होऊन खाली बसते. एवढं एक या मेसेजमध्ये कामाचं आहे, बाकी सगळं त्याच्या आडून खपवलंय.

पेट्रोलच्या बोळ्यावर फार बोलत नाही. पेट्रोल वेळेच्या आधी भडकतं, पिस्टन आणि रिंगा फुटतात, आणि ज्या गाडीला मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपात) हीटर आहे तिथं तोंडावर भडका येईल. थंडीत गाडी उचलत नसेल तर बॅटरी, कॉम्प्रेशन आणि पाइपातली हवा बघा.

राहिलं एअर क्लिनर. ऑइल बाथची वाटी (धूळ धरायला क्लिनरच्या तळाला तेल असतं ती) खुणेच्या वर भरली की जास्त धूळ धरली जात नाही, इंजिनच ते तेल ओढून घेतं आणि त्यावर चालायला लागतं. इंजिन पळतं म्हणतात ते हेच, आणि मग स्टॉपची दांडी ओढून काही होत नाही, कारण ती फक्त डिझेल बंद करते, आत तर तेल जळतंय. असं झालं तर हवा तोडायची, जाड फळी एअर क्लिनरच्या तोंडावर दाबून धरायची, हात किंवा फडकं कधीच नाही, आत ओढलं जातं. आणि रोज सकाळी वाटी उतरवून बघायची, रोटाव्हेटरच्या दिवसांत तर नक्कीच, तळाला बोटाला चिकट गाळ लागला की तेल टाकून द्यायचं, वाटी डिझेलनं धुवायची आणि नवं तेल बरोबर खुणेपर्यंतच भरायचं.