अमर व्हायचंय? मग वाळूत चढा

चौकातल्या बॅनरवर वाढदिवसाचा फोटो लावून झाला, बसस्टॉपच्या बाकड्यावर "यांच्या निधीतून" रंगवून झालं, कान्हेरीच्या लेण्यात बदाम काढून आत दोन नावं पण कोरून झाली, तरी आपली खूण काही टिकत नाही असं वाटतंय ना? अहो तुमच्या कर्तृत्वात काही कमी नाही, जागा चुकलीय. पावलाचा ठसा योग्य जागी पडला तर दगड होऊन कोट्यवधी वर्षं टिकतो. मुंबईत खाली सगळा काळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात पाऊल टाकलं असतं तर ठसा सोडा, पाऊलच उरलं नसतं. ओल्या सिमेंटमधे कुत्र्याचे ठसे फर्स्टक्लास उमटतात पण पुढचं टेंडर निघालं की फुटपाथ परत उखडलाच.

वरळीच्या बेडकांनी मात्र जमवलं बरं का. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तिथे तळं होतं, त्याच्या गाळात इवले इवले बेडूक गाडले गेले आणि त्यांचे जीवाश्म झाले, 1847 साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांची नोंद केली, आज त्यांना इंडोबॅट्राकस म्हणतात. वरळीत कायमची जागा आणि मेंटेनन्स शून्य. पण त्यासाठी मरावं लागतं, आपल्याला नुसतं चालून अमर व्हायचंय.

तर सरळ वाळवंट गाठा, आणि शक्यतो सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षं आधी पोचा. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या भिंतीत वरच्या बाजूला जो फिकट पट्टा दिसतो तो कोकोनिनो सँडस्टोन, म्हणजे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या जागच्या जागी दगड झालेल्या, त्यातले तिरके थर अजून दिसतात. आता नीट ऐका. वारा येतो त्या बाजूने चालू नका, तिथली वाळू उडत राहते, पाठ वळायच्या आत ठसा गायब. पलीकडचा तीव्र उतार पकडा, तिथे वरून वाळू घसरत येते आणि ठसा झाकून टाकते. दव पडून वाळू जरा दमट असेल तर उत्तमच. आणि चढा, उतरू नका! कोकोनिनोतले बहुतेक ठसे चढणाऱ्यांचेच आहेत, कारण उतरताना पायाखालची वाळू घसरते आणि ठसा पुसला जातो. एडविन मॅकी नावाच्या भूवैज्ञानिकाने यासाठी सरड्यांना वाळूवर चालवून बघितलं होतं. आपल्या नेतेमंडळींना ही चढण्याची गोष्ट वेगळी सांगायला नको.

एक छोटी अट आहे, बॅनरवाल्यांना जड जाईल. कोकोनिनोत चार पायांच्या प्राण्यांचे ठसे ढिगाने आहेत पण त्यांचं एक हाडूक सापडलेलं नाही. त्यामुळे नाव मिळतं ते ठशाला. चेलिक्नस हे त्यातल्या एका प्रकारच्या ठशाचं नाव, तो उमटवणारा नेमका कोण ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही. विंचू-कोळ्यांसारख्यांनी चालताना उमटवलेल्या रेघांनाही अशी भारदस्त नावं आहेत, ऑक्टोपोडिक्नस वगैरे. म्हणजे कोळ्याला जमलं ते तुम्हाला जमेल, फक्त फोटो नाही, पक्षाचं चिन्ह नाही, "शुभेच्छुक" म्हणून खाली बारा जणांची यादी नाही.

फुटपाथवरच अमर व्हायचा हट्ट असेल तर ब्राझील बघा. तिथल्या अराराक्वारा शहरात फुटपाथच्या फरश्या बोटुकाटू सँडस्टोनच्या, हेही जुनं वाळवंटच, आणि त्यातल्या काहींवर डायनासोरचे आणि छोट्या सस्तन प्राण्यांचे ठसे. माणसं त्यावरून रोज भाजी घेऊन जात होती, 1970च्या दशकात ज्युसेप्पे लिओनार्डी या पाद्री-शास्त्रज्ञाने ते खाली बघून ओळखले. आपणही खालीच बघून चालतो म्हणा, पेव्हर ब्लॉक कुठला डुगडुगतोय ते कळायला.

स्वतः चालायचा कंटाळा असेल तर दुसऱ्याची खूण मिटवा, तेवढंच समाधान. अमेरिकेतल्या युटाह राज्यात रेड फ्लीट पार्कमधे सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातले डायनासोरचे ठसे आहेत, आणि लोक ते ठसेवाले दगड उचलून तलावात फेकतात, पाण्यात डुबुक्कन आवाज येतो म्हणून. 2018 साली तिथल्या पार्कवाल्यांना हात जोडून सांगावं लागलं की बाबांनो फेकू नका. आपल्याला निदान विसर्जनाची सवय आहे, त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे.

आता वाळवंटही लांब आणि व्हिसाही मिळत नाही, तर घरीच प्रॅक्टिस करा. 1828च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या कॉर्नकॉकल मुइरच्या खाणीतल्या सँडस्टोनवर ठसे मिळाले तेव्हा विल्यम बकलंड या मोठ्या भूवैज्ञानिकाने खरंच मळलेल्या पिठावर कासव चालवून ते ठसे ताडून बघितले. तुम्हीही करा, पण कणीक सैल नको, कासव चिकटून बसतं, बकलंडच्या वेळी हाच घोळ झालेला. आणि स्टार कासव आणायला जाऊ नका, ते कायद्याने संरक्षित आहे, वनखातं येईल दारात. शेजारच्या काकूंचं मांजर मागा. काकू विचारतील कशाला, तर सांगा सायन्ससाठी, आणि ती कणीक कृपा करून चपात्यांना वापरू नका.