अंदाज येतो हो!

‘ज्वालामुखीचा अंदाज बांधताच येत नाही’ हे लेखातलं सरसकट विधान काही पटलं नाही. फिलिपिन्सचा पिनातुबो बघा. १९९१ च्या मे महिन्यात तिथून रोज सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता. दोनेक आठवड्यांत तो ५,००० टनांवर गेला आणि मग एकदम घटला. आपल्याला वाटेल, चला, निवळलं! शास्त्रज्ञ मात्र धास्तावले. कुकरची शिट्टी अडकावी तशी वायूची वाट बुजली होती, आत दाब वाढत होता. १५ जूनच्या महास्फोटाआधी हजारो माणसं हलवली गेली.

कोलंबियात १९८५ साली नेवादो देल रुईस ज्वालामुखीचा धोक्याचा नकाशा स्फोटाच्या महिनाभर आधी तयार होता. स्फोटानंतर उसळलेल्या चिखलाच्या लोंढ्याला आर्मेरो गाव गाठायला दोन तासांहून जास्त लागले. तरी गाव रात्री घरातच होतं!