गोपनीय कागद जगजाहीर करण्याची खात्रीशीर पद्धत

परवा हाती आलेल्या एका पीडीएफला मनोभावे नमस्कार करून, कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या समस्त कारखानदार बंधूंसाठी हे मार्गदर्शन. व्यापारी दावा लागला, समोरच्याला कागद दाखवायची वेळ आली, तर तुमचा दरतक्ता गावभर कसा करायचा ते नीट समजून घ्या.

पहिलं म्हणजे, घाई बिलकुल नको. कमर्शियल कोर्ट्स ॲक्टप्रमाणे वादपत्रासोबतच सगळे कागद द्यायचे असतात, आपल्या विरुद्ध जाणारेसुद्धा. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, दाखल झाल्यावर 30 दिवसांत एकमेकांच्या कागदांची तपासणी आणि ती संपली की 15 दिवसांत समोरच्याचे कागद कबूल-नाकबूल. तेव्हा एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी कपाट उघडा.

दुसरं, सगळं व्हॉट्सॲपवर टाका. ग्रुपमध्ये जुना सेल्स मॅनेजर अजून आहेच.

आता मुख्य कला, काळी पट्टी. वर्डमध्ये फाइल उघडा, दराच्या आकड्यांवर काळा चौकोन ओढा, पीडीएफ करा, पाठवा. दिसायला कशी कडक! समोरचा वकील कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करतो आणि किलोचा भाव, डीलरचं कमिशन, उधारीचे दिवस, सगळं ओळीनं वाचतो. चौकोन हे नुसतं चित्र, अक्षरं त्याखाली जशीच्या तशी. जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचाराचा माजी प्रमुख पॉल मॅनाफोर्ट याच्या वकिलांनी हेच केलं आणि पत्रकारांनी पट्टीखालचा मजकूर उचलून छापला. तेव्हापासून जग शहाणं झालं, आपण मात्र चौकोनच ओढतोय! पीडीएफच्या सॉफ्टवेअरमध्ये रिडॅक्शन म्हणून, मजकूर खरोखर पुसून टाकणारं, वेगळं टूल असतं. मजकूर निवडा, 'अप्लाय' दाबा, मग लपलेली माहिती काढून टाका, नव्या नावानं सेव्ह करा आणि पाठवण्याआधी कॉपी-पेस्टचा प्रयोग स्वतः करून बघा. जमत नसेल तर प्रिंट काढा, मार्करनं खोडा, त्याची झेरॉक्स काढा आणि ती स्कॅन करा. मार्करचा मूळ कागद स्कॅन करू नका, शाईखालचे आकडे दिसतात. किती वेळ लागतो? चहा गार व्हायच्या आत होतं.

एक्सेल असेल तर मूळ फाइलच पाठवा, कॉलम 'हाइड' केलेत ना! समोरच्याला 'अनहाइड' कुठं येतंय.

वकिलांचा सल्ला आलेला मेल सीएंना, डीलरला, मेहुण्याला सीसी करा. वकील-पक्षकार गोपनीयता कायद्यानं वकिलासाठी आहे, सीएसाठी नाही. पण आपल्याकडे सगळे घरचेच.

पहिल्या पानावर लाल शिक्का मारा, 'गोपनीय'. झालं. कोर्टात अर्ज देऊन, हे कागद कोण बघणार, प्रती कोणाला मिळणार, असा आदेश मागायची काय गरज? दिल्ली हायकोर्टाच्या 2018 च्या ओरिजिनल साइड (थेट हायकोर्टात दाखल होणाऱ्या दाव्यांच्या) नियमांत त्यासाठी कॉन्फिडेन्शियालिटी क्लबची, म्हणजे गोपनीय कागद ठरावीक माणसांनीच बघायचे अशी, सोय आहे. ते दिल्लीवाले, त्यांना वेळ असतो.

अहो, थट्टा पुरे. वर्षानुवर्षं बसवलेला फॉर्म्युला आणि गिऱ्हाइकांची यादी तुम्ही ऑफिसातल्या पोराच्या हाती देता आणि म्हणता, 'पाठव रे वकिलांना.' त्याला कुणी शिकवलंय? नंतर खापर त्याच्यावर! शिक्क्यानं कागद झाकला जात नाही, आदेशानं झाकला जातो. तो आदेश कागद दाखल करायच्या आधी मागायचा असतो. समोरच्यानं भाव वाचून झाल्यावर वकिलांच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटून उपयोग नाही. बॅलन्स शीट चार वेळा तपासता, मग पाठवायची पीडीएफ एकदा उघडून बघायला काय होतं?