वेगाचं चलान म्हणजे फक्त दोन हजार? हिशेब मांडून बघू

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मजकूर पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा आला. सारांश असा: 'वेगाचं चलान म्हणजे फक्त दोन हजार. कॅमेऱ्याचा पुरावा कोर्टात टिकत नाही. सहा महिन्यांनी चलान आपोआप बाद होतं. नाही झालं तर लोकअदालतीत निम्मं माफ. लायसन्सला, विम्याला काही होत नाही. म्हणून भरायची घाई करू नका. सर्वांना पाठवा.' खाली सतरा अंगठे.

यात थोडं खरंही आहे, म्हणून तर हा मजकूर इतका फिरतो.

आधी दोन हजारांचं बघू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये आले आणि तेव्हापासून कारला २,००० पडतात. आकडा बरोबर आहे. पण त्या बदल्यात मिळतं काय? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. घाटातली ६० ची मर्यादा विसरून सगळा रस्ता सपाट धरला, तरी १०० ऐवजी १२० ने गेल्यावर वाचतात साडेनऊ मिनिटं. म्हणजे मिनिटाला दोनशे रुपयांहून जास्त. वर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, १०० वरून १२० ला तो ४४ टक्क्यांनी वाढतो, आणि ते पेट्रोल आपल्याच टाकीतून जातं. एवढं करून खालापूरला चहाला थांबलात की मिनिटं संपली. कॅमेरा दिसल्यावर ब्रेक दाबायची युक्तीही आता तिथे पुरत नाही. २०२४ पासून सुरू झालेल्या यंत्रणेत दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही मोजला जातो.

'कॅमेऱ्याचा पुरावा टिकत नाही' हे मात्र सरळ उलटं आहे. याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात म्हटलंय की 'मला गाडी जोरात वाटली' अशा एकट्या साक्षीदाराच्या मतावर कुणाला दोषी ठरवता येत नाही, पण ते मत यंत्राने केलेल्या मोजणीवर आधारलेलं असेल तर ठरवता येतं. म्हणजे कायद्याचा अविश्वास माणसाच्या डोळ्यावर आहे, यंत्रावर नाही. यंत्रावर अटी आहेत, आणि त्या फॉरवर्ड करण्यासारख्या आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-ए प्रमाणे उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, ते दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पुढे कॅमेरा आहे हे सांगणारा फलक ठळक जागी हवा. नोटीस १५ दिवसांच्या आत यायला हवी. फोटोतला नंबर दुसऱ्याच गाडीचा असेल, जागा चुकलेली असेल, तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते. ती करावी. चूक दाखवून भांडणं वेगळं आणि चलान पडू देणं वेगळं.

सहा महिन्यांची गोष्ट अर्धी खरी. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ४६८ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ५१४. पण विलंब माफ करण्याची तरतूदही तिथेच आहे, आणि मुदत टळली म्हणून ई-चलान पोर्टलवरची नोंद स्वतःहून पुसली जात नाही. ती गाडी विकताना भेटते. हल्ली जुनी गाडी घेणारा बॉनेट उघडायच्या आधी मोबाइल उघडतो, नंबर टाकतो आणि थकीत चलानांची बेरीज करून तेवढी रक्कम भावातून कापतो.

लोकअदालतीबद्दल थोडक्यात. तिथे तडजोड होते, सवलत हा हक्क नव्हे. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये आणि कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत चलानांवर घसघशीत सूट दिली होती. ती त्या त्या सरकारांनी ठरावीक मुदतीसाठी दिली होती.

आता लायसन्स. दुसऱ्यांदा वेगमर्यादा मोडली तर लायसन्स जप्त करण्याची तरतूद कलम १८३ मध्येच आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की अतिवेगासाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. सगळीकडे हे काटेकोर होत नाही, मान्य. ज्याचं होतं त्याने तीन महिन्यांचं रिक्षाभाडं मोजावं.

विम्याचा मुद्दा सगळ्यात फसवा आहे, कारण वरवर खरा आहे. नुसत्या चलानामुळे आपल्याकडे हप्ता वाढत नाही. विमा नियामकाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक नियमभंगाशी जोडलेला वेगळा हप्ता सुचवला होता, पण तो अजून सर्रास लागू नाही. बिल येतं ते वेगामुळे गाडी ठोकल्यावर. पाच वर्षं दावा न करता जमवलेला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, एका दाव्यात शून्यावर येतो. आणि हे झालं पत्र्याचं. कर्नाटकात २०१४ मध्ये एका चालकाची भरधाव गाडी उलटली आणि तो गेला. कुटुंबाने ८० लाखांची भरपाई मागितली. अपघात त्याच्याच बेदरकार चालवण्याने झाला, त्यामुळे वारसांना भरपाई नाही, असं उच्च न्यायालयाने म्हटलं आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. थर्ड पार्टी विमा नावाप्रमाणे तिसऱ्यासाठी असतो. मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात कवच वेगळं असतं, पण त्याला वैध लायसन्स लागतं. निलंबित लायसन्सवर गाडी काढली की तेही गेलं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातले ७१ टक्के मृत्यू केंद्र सरकारच्या अहवालात अतिवेगाच्या रकान्यात आहेत.

शेवटचा प्रश्न या फॉरवर्डमध्ये नाहीच: भरतो कोण? चलान नंबरप्लेटवर निघतं. माझ्या ओळखीचा एक चालक दुसऱ्याची टुरिस्ट गाडी चालवतो, त्याच्या पगारातून दोनदा चलान कापलं गेलं. कलम १८३ च्या पहिल्याच पोटकलमात चालकाला वेगमर्यादा मोडायला लावणाऱ्या मालकालाही तोच दंड आहे, हे त्याला माहीत नव्हतं. मालकाचा 'उशीर होतोय, जरा दाब' हा मेसेज त्याच्या फोनमध्ये अजून आहे. निदान तो डिलीट करू नकोस, एवढं मी त्याला सांगितलं.